डिरेक्टरीचा फेरफार: लिनक्सची एमव्ही कमांड समजून घेताना

२०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा पाट्या, शिक्के आणि लेटरहेड बदलण्याची जी धावपळ मराठवाड्यात झाली, तिचा एक लहानसा वाटा माझ्याकडेही आला. लातुरात मी काही लहान कार्यालयांचे आणि दुकानांचे संगणक सांभाळतो. त्यांपैकी बियाण्यांच्या एका वितरकाकडे लिनक्सवर (विंडोजसारख्याच एका संगणकप्रणालीवर) चालणारा जुना संगणक सर्व्हर म्हणून वापरात आहे. त्यावर मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या आठ डिरेक्टऱ्या असून प्रत्येकीत तालुकावार विक्रीची खाती आणि पावत्यांचे स्कॅन ठेवलेले आहेत. मालकांचा निरोप एका वाक्याचा होता: दोन फोल्डरची नावे तेवढी बदलून द्या. काम दोन ओळींचे होते आणि त्या दोन्ही ओळी माझ्या चुकल्या. पहिल्या ओळीने नाव बदलण्याऐवजी एक डिरेक्टरी दुसरीच्या पोटात नेऊन ठेवली आणि दुसऱ्या ओळीला संगणकाने सरळ नकार दिला. दोन्ही वेळा संगणक त्याच्या नियमाप्रमाणेच वागला होता. ते नियम काय आहेत आणि ते तसे का आहेत, हे या लेखात सांगायचे आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी एक खुलासा करतो. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, एमव्ही म्हणजे एम आणि व्ही ही दोन लहान रोमन अक्षरे टाइप करायची आणि पर्यायांची अक्षरेही रोमनमध्येच द्यायची. डिरेक्टरीचे नाव मात्र लिनक्समध्ये खुशाल मराठीत ठेवता येते, त्यामुळे उदाहरणांतील नावे जशी दिसतात तशीच चालतील. रोज ज्याला आपण फोल्डर म्हणतो, त्यालाच लिनक्सच्या भाषेत डिरेक्टरी म्हणतात.

लिनक्समध्ये डिरेक्टरीचे नाव बदलण्यासाठी वेगळी आणि तिची जागा बदलण्यासाठी वेगळी अशा दोन कमांड नाहीत. दोन्ही कामे एमव्हीच करते. हे नाव इंग्रजी ‘मूव्ह’चे संक्षिप्त रूप आहे आणि ही कमांड लिनक्सपेक्षाही जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतही ती होती. नवख्या माणसाला प्रश्न पडतो, की नामांतर आणि स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी असताना त्यांना एकच कमांड कशी पुरते? मराठवाड्यात तर या दोन शब्दांचे वजन अगदी वेगळे आहे. विद्यापीठाच्या १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत चाललेली चळवळ ही एक गोष्ट, आणि दरवर्षी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेने निघणारी कुटुंबे ही दुसरी गोष्ट. परंतु डिस्कवर या दोन्हींचा अर्थ एकच होतो, आणि तो समजून घ्यायला तलाठी कार्यालयातील दप्तर फार उपयोगी पडते.

शेतजमिनीचा विचार करा. जमिनीला गट नंबर असतो आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. वडिलांच्या नावावरील जमीन मुलाच्या नावावर झाली, की गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, एक नोंद होते. ती मंजूर झाली की सातबाऱ्यावरील नाव बदलते. जमीन दोन एकर असो की वीस एकर, फेरफाराला लागणारी शाई तेवढीच, कारण जमीन हललेलीच नसते. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक डिरेक्टरीला असाच एक क्रमांक असतो आणि त्याला आयनोड क्रमांक म्हणतात. मजकूर डिस्कवर नेमका कोठे आहे, मालक कोण, परवानग्या कोणत्या, आकार किती ही सगळी माहिती आयनोडशी बांधलेली असते. नाव मात्र त्यात नसते. नाव असते ते वरच्या डिरेक्टरीत, कारण डिरेक्टरी म्हणजे दुसरे तिसरे काही नसून ‘हे नाव, हा आयनोड क्रमांक’ अशा जोड्यांची यादी असते. आपण मनात तिला कपाट समजतो, प्रत्यक्षात ती नोंदवही असते.

हे प्रत्यक्ष पाहता येते. एलएस कमांडला आय आणि डी हे पर्याय देऊन डिरेक्टरीचा क्रमांक पाहा, मग नाव बदला आणि पुन्हा क्रमांक पाहा:

एलएस -आयडी बीड
एमव्ही बीड बीड_जुने
एलएस -आयडी बीड_जुने

दोन्ही वेळा क्रमांक तोच दिसेल. नाव बदलणे म्हणजे वरच्या यादीतील जुनी ओळ काढून त्याच क्रमांकापुढे नवे नाव लिहिणे. जागा बदलणे म्हणजे एका यादीतील ओळ काढून ती दुसऱ्या यादीत लिहिणे. ओळ त्याच वहीत लिहिली काय किंवा शेजारच्या वहीत लिहिली काय, कृती तीच. म्हणून कमांडही एकच. डिरेक्टरीत चार फाइली असोत वा चार लाख, एकाच डिस्कवरचा असा फेरफार डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होतो. ज्यांनी विंडोजवर तास-तास चाललेली कॉपी पाहिली आहे, त्यांना आधी वाटते की काही झालेच नाही. त्यातच एमव्ही यशस्वी झाल्यावर एक अक्षरही बोलत नाही. गप्प राहणे म्हणजे काम झाले, हा युनिक्सचा जुना शिरस्ता आहे. ज्यांना पावती हवी असेल त्यांनी व्ही हा पर्याय द्यावा, म्हणजे कोणत्या नावाचे काय केले हे ती छापून दाखवते. फाइली कॉपी करणाऱ्या सीपी कमांडला डिरेक्टरीसाठी आर हा पर्याय द्यावा लागतो, तो एमव्हीला लागत नाही, याचे कारणही हेच. आतल्या एकेका फाइलला हात लावायचाच नसतो, मग ‘आतले सगळे घे’ असे सांगायची गरज कोठून येणार?

ही एका दमात होणारी नोंद सुरुवातीपासून नव्हती. जुन्या युनिक्समध्ये आधी नवे नाव जोडायचे आणि मग जुने तोडायचे, अशा दोन पायऱ्या होत्या. मधेच यंत्र बंद पडले तर एकाच वस्तूला दोन नावे उरत. १९८३ च्या फोर-पॉइंट-टू बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ‘रिनेम’ नावाची स्वतंत्र सिस्टिम कॉल (प्रोग्रामने प्रणालीच्या गाभ्याकडे करायची मागणी) आली आणि ही मधली अवस्था संपली. लिनक्सची एमव्ही आज तिच्याच वंशातील कॉल वापरते.

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येतो. मी लिहिले होते:

एमव्ही उस्मानाबाद धाराशिव

धाराशिव नावाचे तेथे काहीच नसते, तर उस्मानाबादचे नाव निमूटपणे धाराशिव झाले असते. परंतु नावबदलाची बातमी आल्यावर तेथील हिशेबनिसाने उत्साहाने धाराशिव नावाची डिरेक्टरी आधीच तयार करून ठेवली होती आणि नव्या पावत्या तिच्यात टाकायला सुरुवातही केली होती. एमव्हीचा नियम असा आहे की शेवटी दिलेले नाव अस्तित्वात असलेल्या डिरेक्टरीचे असेल, तर ते ‘नवे नाव’ न समजता ‘मुक्कामाचे ठिकाण’ समजावे. त्यामुळे उस्मानाबाद ही डिरेक्टरी आपले नाव तसेच ठेवून धाराशिवच्या आत जाऊन बसली. मालकांनी सकाळी संगणक उघडला तेव्हा उस्मानाबाद दिसेना आणि धाराशिवमध्ये चारच पावत्या. पाच मिनिटांत मला फोन आला. गेलेले काहीच नव्हते, धाराशिवच्या आत पाहिले असते तर सगळे दिसले असते; पण दहा वर्षांची खाती दिसेनाशी झालेल्या माणसाला हे फोनवर पटवून देणे सोपे नसते.

एकाच कमांडचा अर्थ समोर काय आहे त्यावरून बदलावा, ही माझ्या मते एमव्हीच्या रचनेतील सर्वांत मोठी खोट आहे. हाताने एकेक ओळ टाइप करणाऱ्या माणसाला ती त्रासाची वाटत नाही, पण स्क्रिप्टमध्ये, म्हणजे लिहून ठेवलेल्या कमांडच्या यादीत, हीच ओळ चुकून दोनदा चालली तर पहिल्या वेळी नामांतर होते आणि दुसऱ्या वेळी स्थलांतर. यावर उपाय आहे. लिनक्सच्या एमव्हीला कॅपिटल टी हा पर्याय दिला, की ती शेवटचे नाव हे मुक्कामाचे ठिकाण न मानता फक्त नवे नाव मानते:

एमव्ही -टी उस्मानाबाद धाराशिव

अशा वेळी धाराशिव आधीपासून असेल आणि त्यात काही असेल, तर ‘डिरेक्टरी रिकामी नाही’ असे सांगून एमव्ही थांबते. धाराशिव रिकामी असेल तर मात्र ती हटवून तिच्या जागी उस्मानाबाद येते, आणि त्यात कोणाचे नुकसान नाही. उलट बाजूने, डिरेक्टरी दुसरीच्या आतच न्यायची असेल, तर शेवटच्या नावापुढे तिरकी रेघ द्यावी. ‘एमव्ही पावत्या नांदेड/’ असे लिहिले आणि नांदेड नावाची डिरेक्टरी मुळात नसेल, तर फाइलच्या बाबतीत ही रेघ एमव्हीला अडवते. पावत्या ही स्वतः डिरेक्टरी असेल तर मात्र रेघ असूनही तिचेच नाव नांदेड होऊन बसते. डिरेक्टरी हलवताना म्हणून रेघेपेक्षा लहान टी हा पर्याय भरवशाचा. त्यात ठिकाण आधी लिहायचे असते आणि ते ठिकाण खरोखर डिरेक्टरी नसेल तर काम होतच नाही:

एमव्ही -टी नांदेड पावत्या

येथील टी लहान आहे आणि मघाचा कॅपिटल होता. एकाच अक्षराच्या दोन आकारांना इतके विरुद्ध अर्थ देणाऱ्याला काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

चूक निस्तरणे सोपे होते: आत गेलेली उस्मानाबाद आधी बाहेर काढली. पण आता एकाच जिल्ह्याच्या दोन डिरेक्टऱ्या झाल्या आणि त्या एकत्र करायच्या होत्या. एमव्ही दोन डिरेक्टऱ्यांचे मीलन करत नाही. उस्मानाबादमध्ये तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा अशा तालुक्यांच्या डिरेक्टऱ्या होत्या आणि नव्या धाराशिवमध्येही तुळजापूर होतीच. तारांकन (*), म्हणजे ‘येथील सगळी नावे’ ही खूण, वापरून आतले सगळे एकदम हलवायला गेलो तर ज्या तालुक्याचे नाव दोन्हीकडे आहे आणि पलीकडची डिरेक्टरी रिकामी नाही, तेथे एमव्ही नकार देते. डिरेक्टरीच्या बाबतीत हा नकार आपला रक्षणकर्ता ठरतो. सुट्या फाइलींच्या बाबतीत मात्र असे रक्षण नाही: त्याच नावाची फाइल पलीकडे असेल, तर साधी एमव्ही तिच्यावर न विचारता नवी फाइल बसवते आणि जुनी कायमची जाते. कमांडलाइनवर कचरापेटी नसते. म्हणून असे काम करताना आय हा पर्याय द्यावा, म्हणजे प्रत्येक वेळी विचारणा होते. किंवा एन द्यावा, म्हणजे असलेल्या फाइलीला हातच लागत नाही. मी एन दिला, जे मागे उरले ते एकेक पाहून हाताने लावले आणि त्यात अर्धी दुपार गेली.

तारांकनाचा आणखी एक गुण सांगायला हवा. ज्यांच्या नावाची सुरुवात टिंबाने होते त्या फाइली आणि डिरेक्टऱ्या लपलेल्या समजल्या जातात आणि साधे तारांकन त्यांना उचलत नाही. एखाद्या प्रकल्पातले ‘सगळे’ नव्या डिरेक्टरीत नेले आणि गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाचा संपूर्ण इतिहास ठेवणारी टिंब-गिट ही डिरेक्टरी जुन्या जागी राहून गेली, असे प्रकार प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांकडून हमखास होतात. आतले सामान हलवण्यापेक्षा अख्खी डिरेक्टरीच हलवली तर हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरी चूक अधिक साधी होती आणि म्हणूनच अधिक लाजिरवाणी. मी लिहिले:

एमव्ही औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर

माणसाला येथे दोन नावे दिसतात, टर्मिनलला तीन दिसतात, कारण त्याच्या लेखी मोकळी जागा ही नावे वेगळी करणारी खूण आहे. तीन नावे दिली की एमव्ही समजते की पहिल्या दोन वस्तू तिसऱ्या डिरेक्टरीत न्यायच्या आहेत, आणि संभाजीनगर नावाची डिरेक्टरीच नसल्याने ती तक्रार करून थांबते. नाव अवतरणचिन्हांत ठेवले की ते एकसंध राहते (येथील टी कॅपिटल):

एमव्ही -टी औरंगाबाद 'छत्रपती संभाजीनगर'

किंवा मोकळ्या जागेऐवजी अधोरेषा वापरावी. कार्यालयात मी नेहमी अधोरेषेचाच आग्रह धरतो, कारण अवतरणचिन्ह विसरणारा माणूस नेहमी घाईच्या दिवशीच विसरतो. नाव टाइप करताना सुरुवातीची एक-दोन अक्षरे लिहून टॅब दाबला, तर उरलेले नाव शेल (टर्मिनलवरील ओळ वाचणारा प्रोग्राम) स्वतः पूर्ण करते आणि मोकळ्या जागेची काळजीही घेते. एखाद्या नावाची सुरुवात चुकून आडव्या रेघेने झाली असेल तर एमव्ही त्याला पर्याय समजते. अशा वेळी नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावावी.

मराठीत नावे ठेवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी वेगळ्याने सांगाव्या लागतात. पहिली लांबीची. लिनक्सच्या प्रचलित ईएक्सटी-४ या फाइलसिस्टिममध्ये (डिस्कवरील फाइलींच्या मांडणीत) एका नावाची मर्यादा २५५ बाइटची असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे केवळ अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. औरंगाबाद हे नाव आठ चिन्हांचे, म्हणजे २४ बाइटचे आहे, तर ‘छत्रपती संभाजीनगर’ मधल्या मोकळ्या जागेसह ४९ बाइटचे. देवनागरी नावाची मर्यादा त्यामुळे ८५ चिन्हांवर येते. ती पुरेशी आहे, पण शासकीय योजनेचे पूर्ण नाव वर्षासह लिहिण्याची सवय असणाऱ्यांना ती मधूनच आडवी येते. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल ही भानगड नाही, हा मात्र आपला फायदा. रोमनमध्ये लिनक्स दोन्ही वेगळे मानते आणि नवखे तेथे रोज ठेचकाळतात.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ‘शेतकऱ्यांची_यादी’ असे नाव असलेल्या दोन डिरेक्टऱ्या एकाच ठिकाणी शेजारी शेजारी दिसू शकतात आणि दोन्ही नावे डोळ्यांना तंतोतंत सारखी असतात. या नावातील ‘ऱ्य’ हा मराठीचा खास जोड दोन रीतींनी टाइप होतो: एक, पायात टिंब असलेला वेगळा ऱ वापरून, दुसरी, साधा र, त्याचा पाय मोडण्याची खूण आणि तिच्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर रूप एकच उमटते, पण आतले बाइट वेगळे असतात, आणि लिनक्स नावे तोलताना रूप पाहत नाही, बाइट पाहते. दोन जणांचे कीबोर्ड वेगळे असले की असे जुळे जन्माला येतात. एकाने ‘एमव्ही शेतकऱ्यांची_यादी जालना’ अशी कमांड द्यावी आणि ‘अशी डिरेक्टरी नाही’ असे उत्तर यावे, तरी डिरेक्टरी समोर दिसत असते. एरवी शांत असणारी माणसेही अशा वेळी संगणकाला नावे ठेवू लागतात. (‘डिरेक्टऱ्या’ या अनेकवचनातही तोच ऱ्य आहे.) अशा वेळी नावाचा नाद सोडून क्रमांक धरावा. एलएसच्या आय या पर्यायाने दोन्हींचे आयनोड क्रमांक पाहावेत आणि फाइंड कमांडला क्रमांक देऊन हवी ती डिरेक्टरी पकडावी:

फाइंड . -इनम ५२४३०१ -एक्झेक एमव्ही -टी {} यादी_२ \;

येथील टी कॅपिटल आहे आणि क्रमांक उदाहरणादाखल आहे. तो इंग्रजी अंकांत टाइप करायचा, कारण कमांडच्या पर्यायांना देवनागरी अंक कळत नाहीत. काम झाल्यावर फाइंड बहुधा ‘अशी डिरेक्टरी नाही’ म्हणून कुरकुरते, कारण ज्या डिरेक्टरीच्या आत शिरायचे तिचे नावच बदललेले असते. ते मनावर घेऊ नये.

एमव्हीला काही वेळा परवानगी मिळत नाही, आणि येथेही नोंदवहीची कल्पना कामी येते. डिरेक्टरी तुमची आहे म्हणून तिचे नाव तुम्हाला बदलता येईलच असे नाही. नोंद वरच्या यादीत असल्याने त्या यादीत लिहिण्याची परवानगी हवी. लिनक्समध्ये तुमची होम डिरेक्टरी तुमच्याच मालकीची असते, पण ती ज्या होम नावाच्या यादीत नोंदलेली आहे ती यादी रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीची असते. म्हणून घर तुमचे, पण दारावरची पाटी बदलायला प्रशासकच लागतो. डिरेक्टरी एका वहीतून दुसऱ्या वहीत न्यायची असेल तर दोन्ही वह्यांत लिहिण्याचा अधिकार लागतो आणि शिवाय त्या डिरेक्टरीवरही लागतो, कारण आपला वरचा कोण याची नोंद प्रत्येक डिरेक्टरी ‘दोन टिंबे’ या नावाने आपल्या आत ठेवते आणि पालक बदलला की तीही बदलावी लागते. स्वतःला स्वतःच्याच आत मात्र नेता येत नाही. परभणी ही डिरेक्टरी परभणीच्या आतील जिंतूरमध्ये हलवा म्हटले, तर एमव्ही नकार देते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर मुळापासून तुटलेले एक वर्तुळ डिस्कवर तरंगत राहिले असते.

आतापर्यंतचे सगळे एका डिस्कच्या, अधिक नेमके सांगायचे तर एका फाइलसिस्टिमच्या आतले होते. गट नंबर ११२ म्हटले तर ‘कोणत्या गावाचा?’ हा प्रश्न येतोच, कारण तोच नंबर शेजारच्या गावात भलत्याच जमिनीचा असतो. आयनोड क्रमांकाचेही तसेच आहे: तो आपल्या फाइलसिस्टिमपुरता खरा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, त्याच डिस्कवरील वेगळे पार्टिशन ही सगळी वेगळी गावे. या गावचा फेरफार त्या गावच्या दप्तरात होऊ शकत नाही. म्हणून एमव्हीने रिनेम मागितले की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘हे वेगळे उपकरण आहे’ असे सांगून ते फेटाळते. एमव्ही ही तक्रार आपल्यापर्यंत आणत नाही. ती गुपचूप दुसरा मार्ग धरते. आतली प्रत्येक फाइल तिकडे कॉपी करते आणि पूर्ण झाल्यावर इकडची पुसते. धरणात गेलेल्या गावाच्या पुनर्वसनासारखे हे काम असते: आधी नव्या जागी घरे उभी राहतात, मग जुने गाव सोडायचे. कमांड तीच, पण क्षणात होणारे काम आता तासाचे होते आणि त्यात मधेच खंड पडू शकतो. मुक्काम वेगळ्या गावात आहे का, हे आधी पाहायचे असेल तर डीएफ कमांडला दोन्ही ठिकाणे द्यावीत. पहिल्या रकान्यातील उपकरणाचे नाव वेगळे दिसले की पुनर्वसन होणार हे नक्की.

त्याच वितरकाकडे जुन्या वर्षांचे स्कॅन बाहेरच्या डिस्कवर नेताना एकदा मध्येच वीज गेली आणि बॅटरी बॅकअपनेही दम सोडला. वीज आल्यावर पाहिले तर मूळ डिरेक्टरी जशीच्या तशी होती आणि तिकडे निम्मी-अर्धी प्रत तयार झाली होती. दिलेल्या एका डिरेक्टरीची कॉपी संपूर्ण झाल्याशिवाय एमव्ही तिचे मूळ पुसत नाही, म्हणून निभावले. मात्र एकाच ओळीत चार डिरेक्टऱ्या दिल्या असतील, तर जी संपली तिचे मूळ लगेच जाते आणि पुढची सुरू होते, त्यामुळे अशा वेळी काही इकडे, काही तिकडे असे चित्र दिसते. मी तीच एमव्ही पुन्हा चालवली, तर तिकडची अर्धवट डिरेक्टरी रिकामी नसल्याने ती हटवता येत नाही, असे सांगून ती थांबली. जेथे सोडले तेथून पुढे जाणे तिला येत नाही. ते येते आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडला:

आरसिंक -ए स्कॅन_२०१९/ /मीडिया/डिस्क/स्कॅन_२०१९/

ती अर्धवट प्रत पूर्ण करते. मग डिफ कमांड आर या पर्यायासह चालवून दोन्हीकडचे सारखे आहे याची खात्री करावी आणि त्यानंतरच मूळ काढावे. मोठ्या सामानासाठी मी आता एमव्ही वापरतच नाही. कॉपी, तपासणी आणि पुसणे ही तीन कामे वेगळी ठेवतो.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत आणखी सावध राहावे लागते. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवते आणि सवडीने ड्राइव्हवर उतरवते. एमव्ही संपून प्रॉम्प्ट (पुढच्या कमांडची वाट पाहणारी ओळ) परत आला, इकडचे मूळ पुसले गेले आणि मजकूर अजून वाटेतच असताना कोणी ड्राइव्ह ओढून काढला, तर मजकूर इकडेही नाही आणि तिकडेही नाही. म्हणून आधी अनमाउंट (ड्राइव्ह सुरक्षितपणे सोडवणे), मग हात. त्याखेरीज फॅट-३२ या पद्धतीच्या ड्राइव्हवर चार जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, नावात अपूर्णविराम चालत नाही, आणि फाइलींच्या मालकीची व परवानग्यांची माहिती तेथे टिकत नाही. सर्व्हरवरच्या डिरेक्टऱ्या अशा ड्राइव्हवर नेऊन परत आणल्या तर त्या परवानग्या गमावून येतात.

दोन डिरेक्टऱ्यांची नावे आपसात बदलायची असतील, उदाहरणार्थ ‘चालू’ची ‘जुने’ आणि ‘जुने’ची ‘चालू’, तर आजवर तिसरे तात्पुरते नाव घेऊन तीन ओळी लिहाव्या लागत. २०२४ साली आलेल्या कोअरयुटिल्स या एमव्हीसारख्या मूळ कमांडच्या संचाच्या ९.५ आवृत्तीपासून एमव्हीला ‘एक्स्चेंज’ हा पर्याय मिळाला आहे आणि तो ही अदलाबदल एका दमात करतो. जुन्या संगणकावर तो नसेल, तर तिसरे नाव आहेच.

नाव बदलून झाले म्हणजे काम संपले असे होत नाही, कारण ज्यांनी जुना पत्ता लिहून ठेवला आहे त्यांना हे कळत नाही. डिरेक्टरीच्या आत उघडी असलेली फाइल नाव बदलल्यावरही चालूच राहते, कारण चालू प्रोग्रामने नाव नव्हे, तर आयनोड धरलेला असतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये कोणी त्या डिरेक्टरीत उभे असेल, तर त्याच्या प्रॉम्प्टवर जुनेच नाव दिसत राहते आणि खरे नाव पाहायला ‘/बिन/पीडब्ल्यूडी’ असे पूर्ण लिहून विचारावे लागते. पण जे पत्ता वाचून येतात ते चुकतात: रात्री दोनला आपोआप चालणारी बॅकअपची क्रॉन (वेळापत्रकाने चालणारे काम), स्क्रिप्टमध्ये लिहिलेला मार्ग, कोणी बनवून ठेवलेले सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे), पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट. आमच्याकडे बॅकअप चार दिवस उस्मानाबाद शोधत होता आणि मिळत नाही म्हणून नोंद करून पुढे जात होता. पाचव्या दिवशी मी लॉग उघडला तेव्हा ते कळले. नाव बदलण्याआधीच ग्रेप कमांडने सगळ्या स्क्रिप्टमध्ये आणि क्रॉनच्या यादीत जुने नाव शोधायला हवे होते.

शोधूनही काहीतरी राहतेच, आणि हिशेबनिसाच्या बोटांना जुन्या नावाची सवय असतेच. म्हणून जुन्या नावाचा एक दुवा मागे ठेवला:

एलएन -एस धाराशिव उस्मानाबाद

आता कोणी जुन्या नावाने आत गेले तरी ते धाराशिवमध्येच पोहोचते. एलएसला एल हा पर्याय देऊन यादी पाहिली, की उस्मानाबादपुढे बाण आणि बाणापुढे धाराशिव असे दिसते. हा दुवा सहा महिन्यांनी काढून टाकायचे ठरले होते. तो अजून तेथेच आहे, कारण परंड्याचा एक जुना दुकानदार फोनवर खाते विचारताना आजही पहिलेच नाव सांगतो आणि समोरचा माणूस ऐकले तसे टाइप करतो.